लेख कोणाचा, ते प्राक्सीला विचारा

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी नावं ठेवायला नको. आमच्या शाळेच्या कॅन्टीनची खिडकी रस्त्यावर उघडते. त्या खिडकीसमोर मोटारसायकल थांबली आणि वरच्या दोघांनी हेल्मेट काढलं नाही, की मी काउंटरखाली काहीतरी शोधायला वाकते. गावात असे सगळेच वाकतात, बाकीचे कबूल करत नाहीत एवढंच. मागे रुफो नावाचा एक जण रेडिओवर नदीच्या रेतीबद्दल बोलला होता. तो असाच पुलावर गोळ्या लागून गेला, भर दुपारी, हातात भाजीची पिशवी घेऊन. हेल्मेटवाले कोण, कोणी पाठवले, कोणालाच ठाऊक नाही. म्हणजे सगळ्यांना ठाऊक आहे.

प्राक्सेदेस सुम्बिलो तेवढी घाबरत नसे. मी आणि ती एकाच वर्षी या शाळेत लागलो. मी पोरींना स्वयंपाक शिकवायचे आणि कॅन्टीन सांभाळायचे, ती शाळेचं वर्तमानपत्र चालवायची. लग्न केलं नाही, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. तिला वेड एकच, वर्तमानपत्रातले लेख. बातमी नव्हे. बातमीच्या मागे जो माणूस असतो त्याची गोष्ट सांगणारा, रविवारच्या पुरवणीतला लेख. सोमवारी दुपारी माझ्या टेबलावर ती वर्तमानपत्रं पसरायची, दोन लेख कापायची, लिहिणाऱ्यांच्या नावांवर भाताच्या शिताने कागद चिकटवायची आणि पोरांना विचारायची, गेल्या आठवड्यात वाचला त्याच माणसाचा यातला कोणता, सांगा. पोरं नावाचा कागद नखाने उचकटायला बघायची. "नाव काय बघता? बोलतो कसा ते ऐका," म्हणून ती हातावर फटका द्यायची. माझ्या टेबलाला खळ लागायची ती वेगळीच.

आमच्याकडे दरवर्षी शाळांच्या लेखनाच्या स्पर्धा होतात. पोरं हॉलमध्ये बसून लिहितात आणि शिकवणारे बाहेर झाडाखाली देव आठवत उभे असतात. लेखावर नाव नसतं, फक्त क्रमांक. एका वर्षी प्राक्सी परीक्षक होती. पहिल्या नंबराला आलेला लेख तिने बाजूला काढला आणि म्हणाली, हा पोराचा नाही, याच्या सरांचा आहे. पोराला घरून पाठ करायला लावलाय. यात चाळिशीच्या माणसाची कंबरदुखी आहे. सगळे हसले, पण त्या सरांना घाम फुटला आणि त्यांनी कबूल केलं. असं करणारे तेच एक नव्हते. तेव्हापासून सगळ्या शाळांचे मास्तर प्राक्सीला टरकून असायचे. मेयरने तिला सन्मानचिन्ह दिलं तेव्हा हीच गोष्ट भाषणात सांगितली आणि म्हणाला, आमच्या गावात लेख कोणाचा, ते प्राक्सीला विचारा. गावात ती म्हणच झाली. मांजराने मासा पळवला तरी लोक म्हणायचे, कोणाचं मांजर, ते प्राक्सीला विचारा.

त्याच मेयरच्या मेव्हण्याचे रेतीचे ट्रक.

शहरातल्या साप्ताहिकात तो लेख आला, बिननावाचा. त्यात मेयर नव्हता, मेव्हणा नव्हता. एलेउतेरिया आजीचं स्वयंपाकघर नदीत कसं गेलं, एवढंच होतं. नदीचा तळ उपसला, काठ ढासळला, घराचा मागचा अर्धा भाग गेला. आजीने आधीच अर्ज केला होता, तो शिक्का न मारताच कोणत्या टेबलावरून परत आला, तेही होतं. ते वाचून मी ॲप्रनच्या टोकाने डोळे पुसले, खोटं कशाला सांगू. गावात घराघरांत तो लेख कापून ठेवला गेला, पण बाहेर कोणी त्याचं नाव काढलं नाही. मग राजधानीतून माणसं आली, नदी बघून गेली आणि ट्रक थांबले. आता काहीतरी होणार हे कळायला ज्योतिषी नको होता.

एका सकाळी मेयरचा वकील फर्मिन कॅन्टीनमध्ये आला. गोड माणूस, आवाज कधी चढवणार नाही. त्याच्या लग्नात प्राक्सी निनांग होती, म्हणजे साक्षीला उभी राहिलेली धर्माची आई. त्यामुळे तो तिला निनांगच म्हणायचा. त्याने माझ्याकडे कॉफी मागितली, टेबल स्वतःच्या रुमालाने पुसलं आणि प्राक्सीपुढे तो लेख ठेवला. शेजारी आमच्या शाळेच्या वर्तमानपत्राचे जुने अंक. त्यातले तीन लेख लाल पेनाने खुणा केलेले. तिघंही प्राक्सीचे विद्यार्थी, तिघांनाही पदकं मिळालेली, तिघंही अजून गावातच. एक दोमिंग, औषधाच्या दुकानात बसणारा. एक ग्लेझेल, प्राथमिक शाळेत शिकवणारी. आणि एक नेरीसा, नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या दाखल्यांवर बसणारी, कडेवर वर्षाचं पोर असलेली.

तो म्हणाला की लिहिणारा गावातलाच आहे, हे तर उघड आहे. मेयरसाहेबांना राग नाही, फक्त त्या लेखकाशी बोलायचं आहे. "निनांग, तुम्ही नेहमी करता तेच करायचं. लेख शेजारी शेजारी ठेवायचे आणि सांगायचं. सोमवारी येतो. नाहीच जमलं तर मग तिघांनाही बोलावून घेऊ."

तो गेल्यावर खिडकीबाहेरची मोटारसायकलही गेली. ती तिथे होती हे मला तेव्हाच दिसलं.

मी प्राक्सीकडे पाहिलं. तिने कप उचलला तशी कॉफी बशीत सांडली. मी म्हटलं, सांग ना त्याला, ओळखता येत नाही म्हणून. ती म्हणाली, सगळ्या गावाला ठाऊक आहे मला ओळखता येतं. नाही म्हटलं तर लपवतेय हे लगेच कळेल आणि तिघांवरही पाळत बसेल. मी म्हटलं, मग आखातात गेलेल्या तुझ्या त्या नर्स विद्यार्थिनीचं नाव घे, ती बसलीये सातासमुद्रापार. तर म्हणते, तिची आई इथे बाजारात मासे विकते, सालुद.

मग माझ्या बावळट तोंडातून गेलं, पण तुला कळलंय का खरंच?

ती उठली, दाराला कडी घातली आणि तो लेख माझ्यासमोर धरला. मी कानावर हात ठेवायला हवे होते. ती हळू आवाजात सांगायला लागली. दोमिंग प्रश्नाने सुरुवात करतो. लहानपणापासून तसाच, पहिल्या ओळीत वाचणाऱ्याला प्रश्न विचारतो आणि उत्तर शेवटपर्यंत खिशात ठेवतो. ग्लेझेलला आभाळ लागतं. सूर्य उगवल्याशिवाय तिचा लेख उगवत नाही आणि शेवटी ती उपदेश करतेच. आणि हा बघ, हा कानापासून सुरू होतो. पहाटे ट्रक दिसत नाहीत, आधी मांडणीवरचे चमचे वाजतात. आजी रडली असं कुठे लिहिलंय का? नाही. ती रडणं कधी लिहीत नाही. आणि शेवटी चुलीपाशी येते. घर गेलं, पण लेख संपतो तो शेजारणीच्या चुलीवर शिजणाऱ्या अळूवर. तेरा वर्षांची असल्यापासून हेच करते पोरगी. दुसऱ्याच ओळीला मला कळलं.

नाव तिने घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. कानापासून सुरू होणारी आमच्या शाळेत एकच झाली. मी तिला म्हटलं, "मला कशाला सांगितलंस गं? माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, तुला माहीत नाही?" ती म्हणाली, "एकटीला भीती वाटली म्हणून."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. भातात मीठ दोनदा पडलं. बाजारात नेरीसा समोरून आली, पोराला कडेवर घेऊन हसली, "मानांग सालुद, चिकट भाताचे इबोस बांधता का हो आता?" म्हणून विचारलं आणि मी उत्तर न देता वांग्यांच्या ढिगामागे शिरले. इकडे आड, तिकडे विहीर. नाव सांगितलं तर नेरीसा गेली. दुसऱ्याचं सांगितलं तर चोर सोडून संन्याशाला फाशी. गप्प राहिलं तर तिघंही. प्राक्सी वर्गात जायची, येऊन पाणी प्यायची, खिडकी लावून घ्यायची. तिच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं.

सोमवारी फर्मिन आला, सोबत कागदांचं तेच बाड. मी कढईत केळी तळत होते. प्राक्सीने चष्मा लावला, तीन जुने लेख आणि नवा लेख ओळीने मांडले आणि एक एक वाचत बसली, जणू पहिल्यांदाच बघतेय. तो घाई करत नव्हता. माझ्या कढईतलं तेल धुरावलं तरी मला कळलं नाही.

मग तिने चष्मा काढला. "फर्मिन, हे लेख शेजारी ठेवून तुला काहीच मिळणार नाही. हे पोरांचे नाहीतच. मी लिहिलेत."

तो हसला. म्हणाला की निनांग, तुम्ही तर दुसऱ्या मास्तरांना यासाठी पकडलंत. ती म्हणाली, चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक असतात. मीच लिहून द्यायचे आणि पोरं पाठ करून हॉलमध्ये उतरवायची. आमची सगळी पदकं तशीच आलीत.

माझ्या हातातला झारा खाली पडला. इतकी वर्षं त्या टेबलावर पोरांना स्वतःची ओळ स्वतः शोध म्हणून रडवणारी बाई. ग्लेझेलने एक परिच्छेद अकरा वेळा लिहिला होता, माझ्यादेखत. प्राक्सीने एक शब्दही हातात दिला नव्हता.

वकील लेकाचा कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तो म्हणाला, ठीक आहे, मग आत्ता लिहून दाखवा. विषय त्यानेच दिला, मेयरसाहेबांचा झुंजीचा कोंबडा. प्राक्सीने माझ्या बिलाच्या पावत्यांचा गठ्ठा ओढला आणि पाठच्या कोऱ्या बाजूंवर लिहायला लागली. लिहून झालं की एक एक पावती त्याच्यापुढे सरकवायची आणि तो वाचायचा.

पहिलीवर लिहिलं होतं: जिंकलेल्या कोंबड्याला त्या रात्री झोप लागत असेल का?

दुसरीवर: आभाळात अजून तांबडं फुटायचं होतं, पण एक इवलंसं काळीज केव्हाच जागं झालं होतं.

तिसरी लिहायला तिला वेळ लागला. त्या पावतीवर होतं: आधी पायातली साखळी वाजते. मग पितळी वाटीत मका पडतो, दाणा दाणा. कोंबडा ओरडत नाही. हरलेल्याचा रस्सा त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या घरांत शिजतो.

फर्मिनने त्या पावत्या जुन्या लेखांशेजारी ठेवल्या. वाचलं, परत वाचलं. तिसरीवर त्याचं बोट थांबलं. मग त्याने ते बोट नदीच्या लेखावर ठेवलं. "मग निनांग, हाही तुमचाच."

"एलेउतेरिया माझ्या शेजारची," प्राक्सी म्हणाली. "अळू माझ्याच चुलीवर शिजलं."

तेवढं खरं होतं. आजी तेव्हापासून प्राक्सीकडेच जेवायची. नेरीसाने ते तिथेच पाहिलं असणार.

स्वतःच्या लग्नात साक्षीला उभ्या राहिलेल्या निनांगवर आमच्याकडे कोणी सहसा हात टाकत नाही, घराला लागतं म्हणतात. पण सहसा म्हणजे नेहमी नव्हे. शेवटी तो म्हणाला, पदकांचं तेवढं लिहून द्या. तिने लिहून दिलं, सही केली. त्याने माझी तळलेली केळी खाल्ली, छान झालीत म्हणाला आणि गेला. मला वाटलं, सुटलो.

कसलं सुटलो, आगीतून फुफाट्यात. पुढच्या सोमवारी झेंडावंदनाला मुख्याध्यापकांनी तो कागद माईकवर वाचला, सगळी पोरं रांगेत उभी असताना. मेयरच्या माणसांनी गावभर फिरवलं की शहरातला तो लेख याच बाईने लिहिला, आणि जी जन्मभर पोरांच्या नावाने खोटं लिहीत आली तिच्या लेखावर विश्वास कोण ठेवणार? आजीचं स्वयंपाकघर म्हणे आधीच मोडकं होतं. ट्रक परत सुरू झाले. वरून पत्र आलं, पदकं रद्द, शाळेला स्पर्धेत बंदी, प्राक्सीला घरी बसवलं. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं.

दोमिंगची आई भर बाजारात तिच्यासमोर थुंकली. माझ्या लेकाने रक्त आटवून लिहिलं आणि तू सटवी म्हणतेस मी लिहिलं, असं ओरडली. खरंच होतं ते, अक्षर न् अक्षर. ग्लेझेल तर रस्ता बदलायला लागली. प्राक्सी मान खाली घालून मासे निवडत राहिली. मी शेजारीच उभी होते, सगळं ठाऊक असून. दातखीळ बसल्यासारखी. घरी येऊन मी खूप रडले, पण रडून काय उपयोग, बाजारात बोलायला हवं होतं.

नेरीसाला मात्र काही सांगावं लागलं नाही. स्वतः लिहिलेलं स्वतः लिहिलंय हे तिला ठाऊकच होतं, मग मॅडम खोटं का बोलल्या ते कळायला कितीसा वेळ लागतो? ती प्राक्सीच्या घरी आली तेव्हा मी तिथे शेंगा सोलत होते. आत येऊन ती मॅडमच्या पायाशीच बसली. मी जाऊन सांगते, म्हणाली. प्राक्सी इतकी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती. "रुफोसारखी पुलावर पडलीस तर तुझ्या पोराला काय सांगशील? गप्प बस." मग नेरीसा म्हणाली की ट्रक पुन्हा सुरू झालेत, आता वरच्या वाडीचा काठ गेलाय. हे लिहिल्याशिवाय मी राहणार नाही, तुम्हीच शिकवलंत. प्राक्सीने कपाळाला हात लावला.

त्या उन्हाळ्यात मी जे पाहिलं तसं कधी पाहिलं नव्हतं. पोराला घेऊन नेरीसा दुपारची माझ्या घरी यायची, लोकांना सांगायचं की सालुदकडून इबोस बांधायला शिकतेय. माडाची कोवळी पानं समोर, पानांखाली वर्तमानपत्रं. प्राक्सी पूर्वीसारखेच दोन लेख शेजारी ठेवायची, पण आता निवडायची ती सगळ्यात वाईट. हा बघ, म्हणायची, हा कोणीही लिहिला असता. हा बोलत नाही, नुसता तोंड हलवतो. असं लिही. नेरीसाच्या लेखात चमचा वाजला की खोड. चूल आली की खोड. सूर्य घाल. उपदेश घाल. "आश्वासक पहाट" घाल. पोरीचे डोळे भरून यायचे. एकदा तिने पेन टाकलं आणि म्हणाली, मॅडम, हे मेलेलं आहे. "असू दे मेलेलं," प्राक्सी म्हणाली, "तू जिवंत राहा." आणि तिच्यापुढे दुसरा वाईट लेख ठेवला. बाहेर मोटारसायकल वाजली की आम्ही तिघी एकदम पानं दुमडायला लागायचो.

मग एक दिवस फर्मिन प्राक्सीच्या दारात उभा. हातात साप्ताहिकाचं नवं कात्रण, वरच्या वाडीवर, बिननावाचं. त्याने ते तिच्या मांडीवर ठेवलं. "निनांग, हाही तुमचाच का?"

ती अंगणात बाकावर बसली होती. तिने चष्मा लावला. मी दारातून तिच्या खांद्यावरून बघितलं. सूर्य उगवत होता, आश्वासक होता, आकडे होते, वाडीतल्या घरांची नावं होती, सरकारने लक्ष घालावं असं शेवटी होतं. खरं सगळं होतं त्यात, फक्त माणूस कुठला ते कळत नव्हतं. प्राक्सीने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग परत वर गेली आणि पुन्हा वाचत खाली आली, बोट फिरवत, काही हरवलंय ते शोधावं तशी. शेवटी म्हणाली, "फर्मिन, हा कोणाचा आहे, मला खरंच ओळखता येत नाही."

तिच्या गालावरून पाणी आलं. त्याला काय वाटलं कोण जाणे, म्हातारी संपली असं वाटलं असेल. पण त्याचा विश्वास बसला, ते मला त्याच्या तोंडावर दिसलं. त्याने कात्रण परतही मागितलं नाही. काळजी घ्या, निनांग, म्हणाला आणि फाटक नीट लावून गेला.

गाडीचा आवाज पुलापलीकडे जाईपर्यंत आम्ही हललो नाही. मग मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, वाचली गं पोरगी. ती मान हलवत राहिली. कात्रण अजून हातातच होतं.

"मला वाटलं होतं, कुठेतरी एखादं भांडं वाजवेल," ती म्हणाली. "एवढंसं तरी ठेवेल. काहीच ठेवलं नाही गं तिने."

मी आत जाऊन तिच्यासाठी भात वाढून आणला.